सतरा गोल, एक मूठ

“गोकुळ चुनीलाल,” जिभाऊंनी नाव पुकारलं.

भिकुबाईंनी सुपातल्या निवडलेल्या गव्हाची सव्वा मूठ उचलली, पितळी परातीत सोडली आणि म्हणाल्या, “दहा.”

“चंदन गोकुळ.”

हा चंदन अवघा तीन महिन्यांचा. आईच्या मांडीवर अंगठा चोखत पडला होता आणि आपल्या नावाने काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. पण वंशाचा मुलगा, म्हणजे त्याचीही मूठ. भिकुबाई म्हणाल्या, “अकरा,” आणि चुनीलालने नातवाकडे असं पाहिलं की जणू तो गहू त्या पोरानेच पिकवला होता.

उद्या रविवारी कानबाई देवी बसणार होती. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारसाठी कळसाडीच्या या घरात पाटलांची दोन्ही घरं आदल्या दिवशीच जमायची. घरातल्या जितक्या पुरुषांच्या नावाने मुठी पडतील, तेवढ्याच गव्हाचे रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कोर द्यायची नाही, आणि उरवायचं तर मुळीच नाही. नावं जिभाऊंनी घ्यायची आणि मूठ त्यांच्या बायकोने, भिकुबाईंनी, उचलायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि सुकलालजिभाऊंना आपल्या हयातीत त्यात बदल व्हावा असं मुळीच वाटत नव्हतं.

भिकुबाई परातीवर फडकं झाकणार तेवढ्यात चेतना म्हणाली, “आखो एक मूठ टाकशात का, जिभाऊ? यामिनीना नावनी.”

देवघरातली कुजबुज थांबली. चेतना म्हणजे जिभाऊंच्या धाकट्या भावाची, योगेंद्रची बायको. सव्वीस वर्षं या घरात होती, पण भाऊबंदांसमोर तिने आजवर काही मागितलं नव्हतं. एकुलती एक लेक यामिनी फुटबॉल खेळायला फिनलंडला निघाली, तेव्हाही तिने विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. जिभाऊंना ते तेव्हा फार लागलं होतं. नंतर पुतणीचा फोटो क्लबच्या निळ्या जर्सीत आला आणि लागलेलं सगळं ते विसरून गेले.

“चेतनाबाई, आंडेरनी, पोरनी मूठ कोनी कधी टाकी शे का?” चुनीलाल म्हणाला. जिभाऊंचा हा चुलतभाऊ त्यांच्याच वयाचा, आणि समोरच्याला शब्दात पकडायला नेहमी तयार. “आज नही तं सकाय ती दुसराना घरनी. योगेंद्रनी बाजूले एकच मूठ शे, ते त्यान्हं नशीब.”

योगेंद्रने मान खाली घातली. शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा माणूस वर्गात कडक होता म्हणे, घरात मात्र कधी तोंड उघडायचा नाही. त्याच्यामागे त्याच्या बाजूची मूठ संपणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानबाईच्या चौरंगासमोर कोणी ते बोलून दाखवणं वेगळं.

जिभाऊंना दोन्हीकडून टोचलं. रीत मोडवत नव्हती आणि भावाची खाली गेलेली मान बघवत नव्हती. अशा वेळी शहाणा माणूस पाणी मागतो. जिभाऊंनी छाती पुढे काढली.

“आयका सम्दा. साडेपाचले यामिनीना म्याच शे. टीव्हीपुढे बठा सगळा. आज तिनी गोल मारा ना, तं तिन्हा नावनी मूठ मी सोता पुकारसू. कानबाईनी शप्पथ!”

“सतरा मारेल शेतस नं तिनी?” चुनीलाल हसून म्हणाला. “मंग अठरावाले काय वखत लागी!”

चेतनाचा चेहरा उतरला. जिभाऊंना वाटलं, आनंदाने बोलवत नसेल.

आता या सतरा गोलांचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी यामिनीने पहिला फोटो पाठवला. त्यात सात-आठ पोरी तिच्या गळ्यात पडलेल्या आणि खाली लिहिलेलं, जिंकलो. जिभाऊंनी सरळ हिशेब केला: सगळ्या हिच्याच गळ्यात पडल्या, म्हणजे गोल हिचाच. तेच त्यांनी पानटपरीवर सांगितलं, मग उसाच्या गाडीवाल्यांना, मग प्रकाशा गावी केदारेश्वराच्या पायऱ्यांवर भेटलेल्या सोयऱ्यांना. पुढे जिंकल्याचा फोटो आला की आकडा एकने वाढायचा. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. इतक्या लांब, इतक्या थंडीत गेलेली पोर गोल मारण्याखेरीज दुसरं करणार काय, असा त्यांचा साधा समज होता.

पाच वाजता ते गोठ्यात बैलांना चारा टाकत होते, तिथे चेतना आली. तिच्यामागे योगेंद्र दारातच थांबला.

“जिभाऊ, ती गोल मारत नही.”

“काबरं? पाय दुखस का तिन्हा?”

“आजनं नही म्हनत मी. ती कधीच मारत नही. तिन्हं काम मांगे ऱ्हावानं शे. दुसऱ्यासले गोल करू देवाना नही, इतलंच तिन्हं काम.”

जिभाऊंच्या हातातली पेंढी हातातच राहिली. “आनी सतरा?”

“त्या दुसऱ्या पोरीस्ना.”

“सतरामझार तिन्हा एकबी नही?”

“एकबी नही.”

जिभाऊ पेंढी घेऊन तसेच खाटेवर बसले. टपरी, गाडीवाले, प्रकाशाच्या पायऱ्या, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांना राग आला, आणि तो नेहमीप्रमाणे धाकट्या भावावर निघाला.

“मास्तर शे तू! पोऱ्या चुकनात तं त्यासले उभा करस. आनी भाऊले दोन वरीस चुकू दिधं?”

“तुम्ही इतला खुश व्हतात, जिभाऊ,” योगेंद्र म्हणाला. त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं, आणि हे कारण असं होतं की जिभाऊंना पुढे ओरडता येईना.

“ती मांगे थांबस,” चेतना म्हणाली, “म्हनीसन बाकीन्या पोरी बिनधास्त पुढे जातस. तठला लोक तिले फुकटमा नही बलावत. तुम्ही आज देखा तरी, जिभाऊ. गोल नका देखू, तिले देखा.”

मागे उभं राहायला फिनलंडपर्यंत कशाला जायचं, तेवढं तर कळसाडीतही जमलं असतं, असं जिभाऊंच्या ओठांवर आलं होतं. पण चेतनाचे डोळे भरलेले पाहून त्यांनी ते गिळलं. शब्द मात्र गेला होता. भाऊबंदांसमोर गेला होता आणि कानबाईच्या नावाने गेला होता. जी पोर गोल मारतच नाही, तिच्या गोलावर त्यांनी तिची मूठ लावून ठेवली होती.

साडेपाचला पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिभाऊंची सून रुपा हिने मोबाइल टीव्हीला जोडला आणि हिरवंगार मैदान दिसायला लागलं. बोलणारा माणूस फिनलंडच्या भाषेत बोलत होता, त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याहून मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. निळ्या जर्सीवर चार नंबर आणि वर इंग्रजीत पाटील, हे रुपाने वाचून दाखवलं तेव्हा मात्र खोली गप्प झाली. आपलं आडनाव परदेशात कुणाच्या तरी पाठीवर चालताना पाहून चुनीलालसुद्धा सरसावून बसला.

पहिल्याच दहा मिनिटांत निळ्यांचा एक गोल झाला. तो दुसऱ्याच एका पिवळ्या केसांच्या पोरीने मारला. यामिनी तेव्हा पार मागे होती. तिने लांबूनच दोन्ही हात वर केले.

“ती तठे काय करी ऱ्हायनी?” चुनीलालने विचारलं. “म्याच तं पुढे चालू शे.”

जिभाऊंनी पाणी मागितलं.

अर्धा तास झाला असेल. उजव्या बाजूने लाल जर्सीवाली एक पोर वाऱ्यासारखी आत आली आणि तिने चेंडू आडवा मारला. यामिनी धावली, घसरली, पाय लांब केला, चेंडू तिच्या पायाला लागला आणि सरळ जाळ्यात गेला.

“गोऽऽल!”

खोली उठून उभी राहिली. उद्याच्या गाण्यांसाठी काढून ठेवलेल्या ढोलकीवर कुणीतरी थाप मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चुनीलाल ओरडला, “ल्या जिभाऊ, पुकारा मूठ! चार नंबरना पाय व्हता, मन्हा डोयाघाई देखं मी!” आणि खरं सांगायचं तर जिभाऊही उठले होते. गोठ्यात काय ऐकलं ते त्या क्षणी विसरून गेले. पाय पोरीचा होता, चेंडू जाळ्यात होता, आणखी काय हवं? हसत हसत ते देवघराच्या दाराशी पोचलेसुद्धा.

टाळी वाजवली नव्हती ती फक्त चेतनाने. तिने पदर तोंडावर दाबून धरला होता.

“जिभाऊ, बठा,” योगेंद्र हळूच म्हणाला. “त्यो आपलाच जाळामा गया.”

ढोलकी थांबली. अर्थ एकेकाच्या डोक्यात उतरला तशी माणसं एकेक करून खाली बसली. शेवटी चुनीलालला समजलं आणि तो खदखदून हसला.

“म्हंजे सोतानाच घरमा दरोडा! वा रे सतरा गोलवाली!”

जिभाऊ उंबऱ्याजवळच थांबले. इतकी शरम त्यांना बासष्ट वर्षांत कधी वाटली नव्हती. टीव्ही बंद कर, असं रुपाला सांगण्यासाठी त्यांनी मान वळवली, आणि त्यांना यामिनी दिसली.

कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, धापा टाकत. रडेल असं वाटलं. पण ती जाळ्यात गेली, चेंडू स्वतः उचलून आणला, खाली बसलेल्या गोलकीपर पोरीला हाताला धरून उठवलं आणि तिच्या पाठीवर थाप दिली. मग बाकीच्या पोरींकडे वळून तिने हात केला. पुढे जा, असा. दोनदा केला. सगळ्या पुढे गेल्या, आणि ती एकटी उलटी चालत मागे आपल्या जागेवर आली.

तो हात जिभाऊंच्या ओळखीचा होता.

अठ्ठ्याऐंशी साल. शहाद्याचं एसटी स्टँड. धुळ्याच्या कॉलेजला निघालेला योगेंद्र गाडीच्या पायरीवर पत्र्याची पेटी घेऊन अडखळला होता, कारण घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि कापूस वेचणीवर आलेला. त्याच महिन्यात सुकलालला कंडक्टरच्या नोकरीचा कागद आला होता. तो त्याने ट्रंकेच्या तळाशी घातला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. गाडीखाली उभं राहून त्याने असाच हात केला होता, दोनदा. “जाय तू. मी शे आठे.”

तेव्हापासून ते मागेच होते. योगेंद्र शिकला, मास्तर झाला, त्याची पोर सातासमुद्रापार गेली. लोकांनी मास्तरचं नाव काढलं, पोरीचं नाव काढलं. घर राखणाऱ्याचं कुणी काही मोजलं नाही, आणि यात मोजण्यासारखं काही असतं हे खुद्द जिभाऊंनाही वाटलं नव्हतं. म्हणून तर त्यांनी पोरीसाठी सतरा गोल शोधून काढले होते.

ते परत आले आणि चेतनाच्या शेजारी जमिनीवर बसले.

“सांग माले,” ते म्हणाले. “कोठे उभी ऱ्हास ती, काय देखस, सम्दं सांग.”

चेतना सांगत गेली. यामिनीला शाळेच्या दिवसांपासून स्कूटीवर मैदानावर नेणाऱ्या आणि दोन-दोन तास बांधावर बसून खेळ शिकलेल्या त्या बाईला, बाकी खोलीतल्या कुणालाच कळत नव्हतं ते सगळं कळत होतं. ती बघा, चेंडू यायच्या आधीच सरकली. ती बघा, डाव्या बाजूच्या पोरीला हाक मारतेय. जिभाऊ गोल बघायचे सोडून चार नंबर बघायला लागले, आणि हळूहळू सगळी खोलीच चार नंबर बघायला लागली.

निळ्यांनी दुसरा गोल केला तेव्हा वीस मिनिटं उरली होती. त्यानंतर लाल जर्सीवाल्या अक्षरशः तुटून पडल्या. एकदा यामिनीने उडी मारून डोक्याने चेंडू काढला आणि दुसरीचं डोकं तिच्या भुवईवर आदळलं. रक्त आलं. कडेला नेऊन पट्टी बांधली. भिकुबाई म्हणाल्या, “आते पुरे, बलावा तिले बाहेर,” पण ती धावत परत आत आली. मग रमिलाबाई, चुनीलालची बायको, जी आयुष्यात नवऱ्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, ती गुडघ्यांवर उभी राहून ओरडली, “राख, पोरी, राख!” आणि सगळ्या बायकांनी तेच लावून धरलं.

शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलकीपरच्या अंगाखालून सुटला. रिकामं जाळं. चेंडू अगदी सावकाश, रेषेकडे घरंगळत चाललेला. कुठून कोण जाणे पांढरी पट्टी बांधलेलं डोकं चौकटीत आलं आणि यामिनीने रेषेवरून, अगदी रेषेवरून, चेंडू मैदानाबाहेर लाथाडला.

जिभाऊ रडत होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. शिट्टी वाजली. निळ्या पोरी तिच्या गळ्यात पडल्या, अगदी त्या पहिल्या फोटोतल्यासारख्या.

चहा फिरत असताना रुपाच्या मोबाइलवर यामिनीचा व्हिडिओ कॉल आला. भुवईवर पट्टी, केस ओले, डोळे सुजलेले.

“जिभाऊ, माफ करा. सम्दा भाऊबंदमझार तुमनी मान खाली गई.”

“मन्ही मान? देख कशी शे,” म्हणून जिभाऊंनी मोबाइल हात लांब करून धरला.

“मी तुमले कधी सांगं नही की मी गोल मारत नही. पप्पा म्हनेत, नको सांगू.”

जिभाऊ खोलीकडे वळले. “आयका सम्दा. ते सतरा गोल पोरनी मारेल नहीत. ते मी मारेल शेतस. पानटपरीवर बशीसन.”

खोली हसली, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की हे बोलायला काहीच जड गेलं नाही. ते पुन्हा मोबाइलकडे वळले. “गोलनं सोड, बेटा. तू आजलोंग किती गोल राखात, ते सांग.”

यामिनीने भुवईवरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, “ते कोनी मोजत नही, जिभाऊ.”

जिभाऊ मोबाइल तसाच हातात धरून देवघरात गेले. मागोमाग बाकीचे. भिकुबाई आधीच परातीपाशी बसल्या होत्या.

“आयकं का, फडकं काढ.”

“सुकलालभाऊ,” चुनीलाल दारातून म्हणाला, “कानबाईनी शप्पथ खायेल शे तुम्ही. गोल पडना तं मूठ. गोल कोठे पडना?”

“पडना नही, म्हनीसनच पुकारी ऱ्हायनू. ज्यो पडाव व्हता, त्यो तिनी पडू दिधा नही.” जिभाऊंनी चौरंगाकडे वळून हात जोडले. “चुकीनी शप्पथ मी खादी, माय. काय द्यावानी ती शिक्षा माले दे. पोरनी मूठ तिन्हामा अडकाडू नको.”

“पन खाई कोन तिन्हा रोट?” भिकुबाईंनी विचारलं. अडवायचं म्हणून नव्हे. इतकी वर्षं रोट त्यांनीच संपवून घेतले होते. “ती तठे, रोट आठे. उरना तं चालत नही.”

“मी खासू एक कोर,” रमिलाबाई म्हणाली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली. “सम्द्या बाया एकेक कोर खासूत. नही उराव.”

चुनीलालने बायकोकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला. योगेंद्र आता मान वर करून उभा होता. चेतनाने त्याचा हात धरला होता, सगळ्यांसमोर.

जिभाऊंनी मोबाइल सुपावर धरला, पोरीला गहू दिसेल असा. घसा खाकरून, उभ्या कळसाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी नाव पुकारलं.

“यामिनी योगेंद्र.”

भिकुबाईंनी सव्वा मूठ उचलली, हात जरा वर नेला आणि गहू परातीत सोडला.

“बारा,” त्या म्हणाल्या.